अर्धे सोडलेले गेम आणि सतरा रकान्यांची यादी

वाचकाचं पत्र

वय ३६, आयटीत नोकरी, राहायला चिंचवडला. कॉलेजपासून गेमिंगचं वेड. स्टीम, एपिक ही ऑनलाइन दुकानं, पीएस-फोरच्या (म्हणजे प्लेस्टेशनच्या) डिस्क आणि माळ्यावरच्या खोक्यातल्या जुन्या सीडी मिळून माझ्याकडे ४१२ गेम आहेत. त्यातले २९० कधी उघडलेच नाहीत. उरलेल्या १२२ पैकी जेमतेम ३५ शेवटपर्यंत खेळलो. दिवाळीत ठरवलं, अर्धवट गेमची एकदा नीट यादी करायची. शीट आता १७ रकान्यांची झाली आहे : प्रकार, कंपनी, वर्ष, किंमत, रेटिंग, मुखपृष्ठाचं चित्र वगैरे. पण रात्री मुलगी झोपल्यावर जो तास-दीड तास मिळतो तो यादी भरण्यातच जातो. बायको म्हणते, 'एक्सेल तर ऑफिसातही भरतोसच की.' विचर थ्री हा गेम तीन वर्षांपूर्वी त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात सोडला, तो अजून तिथेच आहे. लहानपणी पानात टाकलं की आजी उठू द्यायची नाही, त्यामुळे अर्धं राहिलेलं काही बघवत नाही. यादी कशी करू? सगळे संपवायलाच हवेत का? की विकून मोकळा होऊ?

ता. क. पुढचा सेल आला की काय करायचं तेही सांगा.

— अर्धवटराव, चिंचवड

उत्तर

अर्धवटराव,

टोपणनाव झकास निवडलंत.

पहिलं काम, ते २९० गेम यादीतून बाहेर काढा. जो गेम कधी सुरूच केला नाही तो अर्धवट कसा? ती नुसती खरेदी आहे, आणि बऱ्याच वेळा तीही नाही. एपिकचं दुकान २०१८ च्या डिसेंबरात उघडलं आणि तेव्हापासून ते फुकट गेम वाटत आलं आहे. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए फाइव्ह फुकट दिला तेव्हा इतकी झुंबड उडाली की दुकानाची साइट काही तास बंद पडली होती. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरी. तुम्हीही त्या गर्दीत असाल. आजीचा नियम पानात घेतलेलं टाकायचं नाही असा होता. वाढपी न विचारता समोरून वाढत गेला, तर त्याचा हिशेब तुमच्याकडे कोण मागणार?

राहिले ८७. यातही सगळे अर्धवट नसणार. तुम्ही नावं दिली नाहीत, पण इतक्या मोठ्या संग्रहात सिव्हिलायझेशन, सिटीज स्कायलाइन्स, फिफा, काउंटर-स्ट्राइक अशी मंडळी असतातच. यांना शेवट नाही. सिव्हिलायझेशनचा एक डाव जिंकलात की तो डाव संपतो, गेम नाही. फिफा तर दर वर्षी नवा यायचा. अशांना 'बिनशेवटाचे' म्हणून बाजूला ठेवा. मन झालं की खेळा, नाही झालं तर नका खेळू. शेतीवाला स्टार्ड्यू व्हॅली थोडा मधला आहे. त्यात तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येऊन तुमच्या शेताचं मूल्यमापन करतं. हवं तर तोच शेवट माना, त्यानंतरही शेती चालू राहतेच.

मग 'संपला' कधी म्हणायचं? माझं मत सरळ आहे. पडद्यावर श्रेयनामावली सरकली की संपला. ट्रॉफ्या, अचिव्हमेंट, नकाशाचे सगळे कोपरे, हे ज्याला हौस आहे त्याने करावं. ती हौस वेगळी आणि तिचा रकाना अर्धवटच्या यादीत नको. मात्र काही गेम या नियमाला चकवतात. निअर ऑटोमाटामध्ये पहिल्यांदा श्रेयनामावली येते तेव्हा गोष्ट खरं तर रंगायला लागलेली असते. ए ते ई असे पाच मुख्य शेवट आहेत, आणि 'ए'वर थांबलेला माणूस अर्ध्यातून उठलेला आहे. हेडीजमध्ये उलटी गंमत. एकदा पाताळातून निसटलात की वाटतं जिंकलो, पण दहा वेळा यशस्वीपणे निसटल्याशिवाय श्रेयनामावली दिसत नाही. म्हणून एखादा गेम पुन्हा हातात घेताना त्याचा शेवट कुठे मानायचा हे आधीच त्याच्या नावापुढे लिहून टाका. नंतर स्वतःशी घासाघीस नको.

हे सगळं वजा केलं की, माझा अंदाज, साठेक गेम उरतील. आता हिशेब करू. प्रत्येकात सरासरी बारा तास बाकी धरले तर ७२० तास होतात. आठवड्याला पाच तास मिळतात असं समजा, तरी १४४ आठवडे लागतील, म्हणजे पावणेतीन वर्षं. तीही मधे एकही नवा गेम न घेता, मुलीची परीक्षा नाही, गावाकडे लग्न नाही, ऑफिसात रिलीज नाही असं धरून. तेव्हा 'सगळे संपवायलाच हवेत का' याचं उत्तर तुमच्या शीटने आधीच दिलंय. नाही. साठातले पंधरा-वीस निवडायचे आहेत, आणि यादी त्या निवडीसाठी करायची आहे.

तुमच्या १७ रकान्यांपैकी बहुतेक या कामाला निरुपयोगी आहेत. कंपनी, वर्ष, प्रकार ही माहिती जगाला ठाऊक आहे, तुम्ही पुन्हा टाइप करायची गरज नाही. किती तास खेळलात, शेवटचा कधी उघडलात हे स्टीम स्वतः लिहून ठेवतं. किती तास बाकी आहेत याचा अंदाज हाउ लाँग टू बीट या साइटवर मिळतो. तिथे फक्त मुख्य कथा, कथा अधिक बाकीची कामं, आणि शंभर टक्के असे वेगवेगळे तास दिलेले असतात. विचर थ्रीची मुख्य कथा पन्नासेक तासांची, बाकीची कामं धरली की शंभराच्या वर. किंमतीचा रकाना तर आजच उडवा. तो दर वेळी तुम्हाला बोचेल आणि जो गेम आवडला नाही तोही पैसे वसूल करायला खेळायला लावेल. दिलेले पैसे गेले. गेम संपवून ते परत येत नाहीत.

तुम्ही लिहायचं ते जे दुसरं कुणीच लिहून ठेवत नाही. कुठे थांबलो आणि का थांबलो. नाव, कशावर आहे, सेव्ह (जिथवर खेळलात ते साठवणारी फाइल) कुठे आहे, आणि हे दोन. बस्स, पाच रकाने.

'कुठे थांबलो' हे दोन ओळींत, परत येणाऱ्या माणसासाठी लिहा. त्याला बटणंही आठवत नसतात. तुमच्या विचरचंच घेऊ, त्यात नायक सिरी या मानलेल्या मुलीला शोधत असतो. नोंद अशी असावी : 'स्केलिगे. सिरीचा माग काढतोय, ती अजून भेटलेली नाही. मुख्य काम बाजूला ठेवून होडीने समुद्रातली (नकाशावरची) प्रश्नचिन्हं गोळा करत होतो. ग्वेंटचे पत्ते जमवणं बंद. परत आलो की थेट मुख्य कामाला लागायचं.' ही नोंद गेम बंद करताना, खुर्चीतून उठायच्या आत करायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून आठवू म्हटलं तर आठवत नाही. (विचर थ्री याबाबतीत भला आहे. सेव्ह लोड करताना तो आत्तापर्यंतची गोष्ट सांगतो. सगळे गेम असे मायाळू नसतात.)

आता 'का थांबलो'. हा रकाना सगळ्यांत मोलाचा आणि नेमका तोच तुमच्या सतरात नाही.

तुम्ही विचर का सोडलात हे पत्रात लिहिलं नाहीत, तरी स्केलिगेचा समुद्र म्हटलं की मला अंदाज येतो. तिथल्या पाण्यावर प्रश्नचिन्हांची नुसती पेर आहे, आणि त्यातली बहुतेक म्हणजे तस्करांनी बुडवलेल्या पेट्या. होडी न्या, उडी मारा, वर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणींना हाणा, पेटी उघडा, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे चला. कथेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. हे करत बसणारा माणूस विचरला कंटाळलेला नसतो, पेट्यांना कंटाळलेला असतो. पण तीन वर्षांनी त्याच्या मनात एवढंच उरतं की 'विचर बोअर झाला होता'. 'का' लिहून ठेवलं असतं तर हा गैरसमज झाला नसता, आणि उपायही त्याच ओळीत दिसला असता : प्रश्नचिन्हांकडे पाठ, सिरीकडे तोंड.

अडकून सोडलेले गेम ही वेगळी जात. तुमच्या वयाच्या कुणालाही जीटीए व्हाइस सिटी या जुन्या गेममधलं ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर विचारा. बांधकाम चालू असलेली इमारत, मजल्यामजल्यावर एकेक बॉम्ब नेऊन ठेवायचा, घड्याळ पळतंय, आणि हातात सायबर कॅफेतला झिजलेला कीबोर्ड. किती जणांची व्हाइस सिटी त्या जिन्यात अडकून राहिली असेल! माळ्यावरच्या खोक्यात ती सीडी असणार याची मला खात्री आहे. अडकलेल्या गेमला पर्याय असतात. काठिण्य कमी करा, यूट्यूबवर एखाद्याला ती पातळी पार करताना बघा, कंट्रोलर जोडा. काठिण्य कमी केल्याने इज्जत जाते असं मानणारी मंडळी आहेत. त्यांना मुलं झोपवायची नसतात.

मग येतात आयुष्य आडवं आल्यामुळे सुटलेले. लॅपटॉप बिघडला, मुलगी झाली, घर बदललं. हे गेम यादीत सगळ्यांत वर ठेवा, कारण हे तुम्ही नावडते म्हणून सोडलेच नव्हते. आणि नवीन गेम आला म्हणून जुना सुटला, असं ज्यांच्यापुढे लिहाल त्यांच्याकडे जरा संशयाने बघा. खरंच आवडत असता तर नवा थोडा थांबला असता.

'आवडलाच नाही' हेही कारण धडधडीत लिहा. जगाने डोक्यावर घेतलेला गेम आपल्याला न आवडणं गुन्हा नाही. त्याच्यापुढे 'सोडला' असा शिक्का मारायचा आणि यादीतून खाली. स्टीमवर त्या गेमच्या नावावर उजवी क्लिक करून तो लपवताही येतो. खात्यातून कायमचा काढू नका, लपवलेला पुरे. मन खातच असेल तर त्या गेमच्या अचिव्हमेंटचं जागतिक पान उघडा. कथा संपवल्याची अचिव्हमेंट किती टक्के लोकांकडे आहे ते तिथे दिसतं. लांबलचक गेममध्ये तो आकडा बहुधा निम्म्याच्या बराच खाली असतो. तुमच्यासारखे गावोगाव आहेत.

परत सुरू करताना अर्धा तास द्या. जुना सेव्ह लोड करा, आधी एखाद्या सोप्या जागी जाऊन बोटं मोकळी करा, गेममधली डायरी वाचा. अर्ध्या तासात सूर लागला तर पुढे. नाही लागला तर दोनच वाटा : पहिल्यापासून खेळा, किंवा शेवट यूट्यूबवर बघून 'बघून संपवला' असं लिहा. यावर नाकं मुरडणारे भेटतील. गोष्टीचं पुढे काय झालं एवढीच जर हुरहुर असेल तर तीस तास घालवण्यापेक्षा चाळीस मिनिटं बघितलेलं काय वाईट?

यादी कशात ठेवायची? तुम्ही विंडोज वापरत असाल तर प्लेनाइट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. स्टीम, एपिक, गॉग वगैरे सगळी खाती जोडली की ते सगळे गेम एका जागी आणतं, आणि प्रत्येकाला खेळतोय, संपवला, सोडला, थांबवला अशी स्थिती देता येते. टिपणाचीही सोय आहे. डिस्क मात्र हाताने नोंदवाव्या लागतील. एकच धोका : प्लेनाइटमध्ये मुखपृष्ठं, पार्श्वचित्रं, थीम असं सजवायला पुष्कळ आहे, आणि तुमचा स्वभाव मला सतरा रकान्यांवरून कळलाय. साठ गेमसाठी शंभरपानी वहीसुद्धा पुरते. कंट्रोलर ठेवता त्याच टेबलावर वही आणि पेन ठेवलंत तर नोंद करायला फोनसुद्धा उघडावा लागणार नाही. फोन उघडला की काय होतं ते सांगायला नको.

सेव्हचा रकाना मी उगाच घातलेला नाही. अर्धवट गेमचा सगळा जीव त्या एका फाइलीत असतो, आणि ती गेली की गेम आपोआप 'कधीच न खेळलेला' होतो. स्टीमवर बऱ्याच गेमना क्लाउड सेव्ह (म्हणजे सेव्हची प्रत इंटरनेटवर) आहे, पण सगळ्यांना नाही. दुकानाच्या पानावर ते दिलेलं असतं, एकदा बघून घ्या. जुने पीसी गेम सेव्ह कुठेही ठेवतात. व्हाइस सिटीचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' या फोल्डरात असतात आणि विंडोज नव्याने टाकताना हमखास उडतात. पीएस-फोरचे सेव्ह क्लाउडवर ठेवायला पीएस प्लस या प्लेस्टेशनच्या सेवेची वर्गणी लागते, पण पेनड्राइव्हवर उतरवायला काही लागत नाही. सेटिंगमध्ये सोय आहे. या रविवारी तेवढं करून टाका, यादी मग पुढच्या रविवारी.

काही गेमपुढे तारीख लिहावी लागेल. वर्गणीतून मिळालेले गेम कधी ना कधी जातात. गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतून दर महिन्याला काही काढले जातात, आणि पीएस प्लसवर महिन्याला मिळालेले गेम वर्गणी थांबली की उघडत नाहीत. सर्व्हरवर चालणारे तर आणखी नाजूक. युबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा गेम. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. यावरून युरोपात गेम जिवंत ठेवण्याची मोठी मोहीम उभी राहिली. तुमच्या यादीत असा एखादा असेल तर त्याला रांग मोडून पुढे घ्या.

विकण्याबद्दल. स्टीम आणि एपिकवरचे गेम विकता येत नाहीत, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाहीत. तुम्ही परवाना घेतलेला असतो, वस्तू नाही; २०२४ पासून स्टीम खरेदीच्या वेळी तसं स्पष्ट लिहितंही. तेव्हा 'विकून मोकळा' हा मार्ग फक्त पीएस-फोरच्या डिस्कना लागू. त्यांना अजून गिऱ्हाईक आहे, पण वर्षागणिक भाव उतरतोय. म्हणून अर्धवट गेमपैकी डिस्कवाले आधी हातात घ्या. संपला की विका, किंवा सोडायचं ठरलं की लगेच विका. माळ्यावरच्या सीडींना कोणी विचारणार नाही. त्या राहू द्या, जागा किती खातात?

एक गेम मात्र मी तुम्हाला न उघडलेल्या २९० मधून काढायला लावणार आहे. 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० चा. पुण्याचा म्हणून तुम्ही कधीतरी घेतला असणारच. नसेल तर बाकी कुठल्याही खरेदीआधी हा घ्या. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते; दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट एकमेकांना सांगत असतात. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैलीतली दृश्यं, बाहुल्यांचा सावलीखेळ. पाचेक तासांत संपतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने एक आठवडा. मुलीला शेजारी बसवून खेळता येईल, मारामारी आहे पण रक्तपात नाही म्हणावा इतपतच. शेवट जरा मध्येच तोडल्यासारखा आहे, त्याचा राग माझ्यावर काढू नका. पण श्रेयनामावली सरकते, आणि बऱ्याच दिवसांनी तुम्हाला 'संपला' असं लिहायला मिळेल.

ता. क. बद्दल. सेलमध्ये काही हुकत नाही, हे आधी मनावर घ्या. आज निम्म्या किमतीत असलेला गेम पुढच्या सेलमध्ये बहुधा तेवढ्यालाच किंवा त्याहून स्वस्त असतो. विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की स्टीम मेल पाठवतं. एक गेम संपवला किंवा त्याच्यावर 'सोडला' शिक्का मारला की एक घ्यायचा, असा वायदा बायकोसमोर करा. तिच्याकडे तुमच्या एक्सेलचा हिशेब आहेच. आणि घेतलाच तर त्याच दिवशी उघडा. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. दीड तासाला घड्याळाकडे बघा. नकोसा वाटला तर परत करा, त्याची नोंद वहीत करू नका.